पाणथरी काढलेल्या मुलाला परदेशी वसतिगृहात पाठवताना: मेनिंगोकॉकल आजाराचा धोका नेमका कोणाला असतो?

गोदाकाठ

नमस्कार. माझा मुलगा बावीस वर्षांचा असून येत्या सप्टेंबरच्या मध्यावर तो पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला जाणार आहे. वसतिगृहात राहायला येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांनी ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार गटांच्या मेनिंगोकॉकल जंतूंविरुद्धची (मेंदूज्वर आणि रक्तातील गंभीर संसर्ग घडवणाऱ्या जंतूंविरुद्धची) लस घेऊन यावी, अशी सूचना विद्यापीठाच्या पत्रात आहे. कागदपत्रांच्या धांदलीतील ही आणखी एक औपचारिकता आहे, असे समजून आम्ही गेल्या आठवड्यात लसीकरण केंद्रात गेलो. तिथल्या परिचारिकेने अर्ज भरताना, यापूर्वी काही शस्त्रक्रिया झाली आहे का, असे विचारले आणि मी सांगितले की चार वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात त्याची पाणथरी (प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन) फुटली होती व त्याच रात्री ती काढावी लागली. हे ऐकताच तिने पेन खाली ठेवले आणि 'आधी डॉक्टरांशी बोलून या, याला नुसती एक मात्रा पुरायची नाही', असे सांगून आम्हाला परत पाठवले.

घरी येऊन मी जुनी फाइल काढली. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेच्या रकान्यात 'स्प्लेनेक्टमी' (पाणथरी काढण्याची शस्त्रक्रिया) हा एकच शब्द आहे, त्याखाली वेदनाशामक गोळ्या आणि टाके काढण्याची तारीख आहे. लशीचा उल्लेख कुठेही नाही. टाके काढायला गेलो तेव्हा, पुढे काय काळजी घ्यायची, असे मी स्वतः विचारले होते आणि 'पाणथरीवाचून माणसाचे काही अडत नाही' एवढेच उत्तर मिळाले होते. त्या रात्री ज्यांनी त्याचा जीव वाचवला त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहेच. पण चार वर्षे हा मुलगा कोणत्याही संरक्षणाशिवाय वावरला आणि प्रत्येक तापात नुसती तापाची गोळी घेऊन झोपून राहिला, हे कळल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही.

आता ज्याला विचारावे तो वेगळेच सांगतो. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणतात की मेंदूज्वराची लस सगळ्यांना लहानपणीच दिलेली असते. माझे दीर म्हणतात की हा आजार आपल्याकडे होतच नाही, तो थंड देशांचा आहे. इंटरनेटवर वाचावे तर वसतिगृह, धूम्रपान, हजयात्रा, आफ्रिका, तान्ही मुले अशी धोक्यांची माळच समोर येते आणि त्यातील कोणता मणी आपला, हे समजत नाही. हा आजार एकाला होतो आणि त्याच खोलीतल्या दुसऱ्याला होत नाही, ते कशामुळे? माझ्या मुलाच्या बाबतीत वसतिगृहाचा धोका मोठा की पाणथरी नसण्याचा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पिंपळपान

ताई, मी पुण्यात फिजिशियन आहे आणि संसर्गजन्य आजारांचे रुग्ण रोज पाहतो. मुलाला न तपासता केलेले हे लेखन त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे आधी सांगतो. त्या परिचारिकेने पेन खाली ठेवले, ते फार योग्य केले.

तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळे धोके एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सुटे केल्यावाचून उत्तर नीट लागणार नाही. पहिला धोका घशात हा जंतू येण्याचा आणि दुसरा, घशात आलेला जंतू रक्तात उतरण्याचा. पहिली घटना अगदी सामान्य आहे. कोणत्याही वेळी साधारण दहा टक्के निरोगी माणसांच्या नाकाच्या मागच्या भागात आणि घशात हा जंतू सुखाने राहत असतो, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी निघून जातो आणि जाताना त्या माणसाच्या शरीरात थोडीफार प्रतिकारशक्ती ठेवून जातो. त्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही. दुसरी घटना दुर्मीळ आहे, पण ती घडली तर चोवीस तासांतही माणूस दगावू शकतो. उपचार मिळूनही दहा ते पंधरा टक्के रुग्ण वाचत नाहीत आणि वाचलेल्यांपैकी दहा ते वीस टक्क्यांना बहिरेपण, मेंदूची इजा किंवा हातापायाची बोटे, कधी अख्खा पाय गमावणे अशी कायमची किंमत मोजावी लागते.

वसतिगृह, बराक, यात्रा, एकाच खोलीत दाटीवाटीने राहणारे कुटुंब हे सगळे पहिल्या धोक्यात मोडते. पाणथरी नसणे, पूरक प्रथिनांचा (जंतू मारायला मदत करणाऱ्या रक्तातील प्रथिनांचा) अभाव, एचआयव्ही, काही विशिष्ट औषधे आणि वय हे दुसऱ्यात मोडते. तुमच्या मुलाकडे दोन्ही आहेत. त्यांतील मोठा धोका कोणता, असे विचाराल तर माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: पाणथरीचा. वसतिगृह तो एक-दोन वर्षांत सोडेल, पाणथरी नसणे जन्मभर राहील.

पाणथरी नेमके काय करते, हे समजून घेतले तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतील. या जंतूच्या अंगावर शर्करेचे निसरडे आवरण असते, त्यामुळे पांढऱ्या पेशींना त्याला सहजी पकडता येत नाही. रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आणि पूरक प्रथिने त्या आवरणावर चिकटून जणू खूण करतात आणि खूण झालेले जंतू पाणथरीच्या जाळीतून रक्त जाताना तिथे पकडले जाऊन नष्ट होतात. शिवाय अशा आवरणाविरुद्धची सुरुवातीची प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींची एक मोठी वस्तीही तिथेच असते. पाणथरी नसली की यकृत हे काम काही प्रमाणात करते, परंतु सावकाश, आणि जंतूंची संख्या तासागणिक वाढत असताना सावकाश चालत नाही. अपघातात काढलेली पाणथरी आणि सिकलसेलमुळे आतल्या आत निकामी झालेली पाणथरी यांत या बाबतीत तत्त्वतः फरक नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची कितीतरी मुले आहेत आणि थॅलेसेमियातही कधीकधी पाणथरी काढावी लागते. त्यांच्या पालकांनीही हा मजकूर आपलाच समजून वाचावा.

एक गोष्ट मात्र मनात पक्की असू द्या. पाणथरी नसलेल्यांचा सर्वांत मोठा शत्रू मेनिंगोकॉकस हा नाही, न्यूमोकॉकस हा, म्हणजे न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणारा दुसरा जंतू आहे. म्हणून विद्यापीठाने मागितलेली एक लस देऊन आपण मोकळे झालो, असे होता कामा नये. न्यूमोकॉकल लस, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी या जंतूविरुद्धची) लस, दरवर्षीची फ्लूची लस आणि मेनिंगोकॉकल लस असा सगळा संच लागतो. मेनिंगोकॉकलच्या चार गटांच्या लशीच्या, पाणथरी नसलेल्या व्यक्तीला, किमान आठ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी बूस्टर देण्याची पद्धत आहे. ब्रिटनचे वेळापत्रक थोडे निराळे आहे. या चार गटांच्या काही लशींच्या बाबतीत न्यूमोकॉकल लस आधी पूर्ण करून मध्ये चार आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण एकदम दिल्यास न्यूमोकॉकल लशीचा परिणाम कमी होतो. तुमच्या हाती साधारण चौदा आठवडे आहेत असे धरले, तर आज न्यूमोकॉकल, चार आठवड्यांनी मेनिंगोकॉकलची पहिली मात्रा आणि त्यानंतर आठ आठवड्यांनी दुसरी, असे बारा आठवड्यांत बसते. एक आठवडा वाया घालवू नका.

शेजारच्या बाईंचा गैरसमज मी रोज ऐकतो. 'मेंदूज्वर' या एका शब्दाखाली आपण निरनिराळे आजार घालतो. विदर्भातील काही जिल्ह्यांत मुलांना देतात ती जपानी मेंदूज्वराची लस विषाणूविरुद्धची आहे. तान्ह्या बाळांना देतात त्या पेंटाव्हॅलंट लशीत हिब असते आणि पीसीव्ही ही न्यूमोकॉकसविरुद्धची. यांपैकी एकही लस मेनिंगोकॉकसपासून संरक्षण देत नाही. मेनिंगोकॉकलची लस आपल्या सार्वत्रिक लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती जोखमीतील मुलांसाठी, साथीच्या वेळी आणि परदेशी शिकायला वा हजला जाणाऱ्यांसाठी सुचवते.

आता कमी परिचित, पण अतिशय गंभीर अशा दोन कारणांविषयी. पूरक प्रथिनांपैकी शेवटच्या टप्प्यातील एखादे प्रथिन काहींच्या रक्तात जन्मतः नसते आणि अशांना हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत दहा हजार पटींपर्यंत वाढलेली असू शकते. एखाद्याला हा आजार दुसऱ्यांदा झाला किंवा एकाच घरात निरनिराळ्या काळी दोघांना झाला, तर पूरक प्रथिनांची तपासणी झालीच पाहिजे. तशीच स्थिती एक्युलिझुमॅब या औषधाने होते, कारण ते पूरक प्रथिनांची तीच शेवटची पायरी मुद्दाम थांबवते. ते घेणाऱ्यांत हा धोका हजार ते दोन हजार पटींनी वाढतो आणि लस घेऊनही आजार झाल्याची उदाहरणे आहेत. रक्ताच्या व मूत्रपिंडाच्या काही विकारांत हे औषध जीव वाचवते, म्हणून ते टाळा असे मी म्हणणार नाही, पण त्या घरात तापाकडे बघण्याची दृष्टी बदललेली असली पाहिजे.

तुमच्या घरातही ती बदलायला हवी. लस कितीही घेतली तरी पाणथरी नसलेल्या व्यक्तीचा थंडी वाजून आलेला ताप हा तातडीचा प्रसंग समजायचा. 'सकाळपर्यंत बघू' हे वाक्य त्याच्यासाठी कायमचे बाद. काही जणांना आम्ही प्रतिजैविकाची पहिली मात्रा जवळ ठेवायला देतो, म्हणजे ती घेऊन थेट रुग्णालय गाठता येते. याविषयी त्याच्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

सूक्ष्मदर्शी

पिंपळपान यांनी रक्तातली बाजू उत्तम मांडली आहे. मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले आणि आता निवृत्त आहे. मला घशातल्या बाजूविषयी थोडे लिहावेसे वाटते, कारण 'त्याच खोलीतल्या दुसऱ्याला का होत नाही' हा गोदाकाठ यांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

या मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर रंगवून पाहिला की पू-पेशींच्या पोटात गुलाबी रंगाचे जोडीजोडीने बसलेले दाणे दिसतात, घेवड्याच्या दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींना लावून ठेवल्यासारखे. निरोगी पाणी झऱ्यासारखे नितळ असते. या रुग्णाचे पाणी तांदळाच्या धुवणासारखे गढूळ असते आणि नळी हातात घेतल्याबरोबर पोटात धस्स होते. हेच दाणे एखाद्या धडधाकट विद्यार्थ्याच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातही वाढतात आणि तो विद्यार्थी संध्याकाळी क्रिकेट खेळत असतो. हा विरोधाभास समजायला वैद्यकालाही बराच काळ लागला.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील कॅटरहॅमच्या छावणीत ग्लोव्हर नावाच्या लष्करी डॉक्टरांनी सैनिकांचे घसे तपासले तेव्हा त्यांना आढळले की खाटा एकमेकींना जितक्या खेटून, तितके वाहकांचे (घशात जंतू असूनही आजारी नसलेल्यांचे) प्रमाण जास्त, आणि ते प्रमाण एका मर्यादेपलीकडे चढले की मागोमाग रुग्ण दिसू लागतात. खाटांमधील अंतर वाढवले की प्रमाण उतरत असे. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स येथे नव्याने भरती झालेल्या हजारो सैनिकांचे रक्त आधीच घेऊन ठेवले गेले आणि नंतर त्यांतील कोण आजारी पडते ते पाहिले गेले. जे आजारी पडले त्यांच्यापैकी जवळजवळ कोणाच्याही रक्तात या जंतूला मारणारी प्रतिपिंडे आधीपासून नव्हती, तर इतरांपैकी बहुतेकांच्या रक्तात ती होती. म्हणजे जंतू अनेकांच्या घशात आला, परंतु ज्याच्या रक्तात त्या विशिष्ट जातीविरुद्ध शस्त्र तयार नव्हते तोच सापडला. त्यातही काळ महत्त्वाचा असतो. घशात नव्याने आलेला जंतू पहिल्या काही दिवसांतच घात करतो; आजार होण्यापूर्वीचा काळ दोन ते दहा दिवसांचा, बहुधा तीन-चार दिवसांचा असतो. तेवढ्या मुदतीत प्रतिपिंडे तयार झाली तर माणूस केवळ वाहक होऊन सुटतो.

यावरून वयाचेही कोडे सुटते. बाळाला आईकडून मिळालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात आणि स्वतःची अजून तयार व्हायची असतात, म्हणून पहिल्या वर्षात हा आजार सर्वाधिक होतो. दुसरा उंचवटा कुमारवयाच्या अखेरीस आणि तारुण्याच्या आरंभी येतो, कारण त्या वयात घराबाहेर पडून नव्या माणसांशी जवळचा संपर्क येतो आणि वाहकांचे प्रमाणही त्याच वयात सर्वांत जास्त असते.

वसतिगृहाविषयी गोदाकाठ यांना एक गोष्ट जरूर सांगितली पाहिजे. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात नॉटिंगहॅम विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे घसे पहिल्या आठवड्यात तपासले गेले. पहिल्या दिवशी सुमारे ७ टक्के वाहक होते आणि चौथ्या दिवशी सुमारे २३ टक्के. अवघ्या चार दिवसांत! देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली मुले आपापल्या गावचे जंतू घेऊन येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांची देवाणघेवाण होते. म्हणून लस तिथे पोहोचल्यावर सवडीने घेण्यापेक्षा निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.

घशाचे अस्तर शाबूत असणे हाही संरक्षणाचाच भाग आहे. सिगारेटचा धूर, मग तो स्वतःच्या असो की शेजारच्याच्या, या अस्तराला इजा करतो. ज्या घरात आईवडील धूम्रपान करतात त्या घरातील लहान मुलांना हा आजार अधिक होतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. फ्लूनंतरच्या दिवसांत धोका वाढतो तोही बहुतांशी याच मार्गाने. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या आफ्रिकेतील पट्ट्यात डिसेंबर ते जून या कोरड्या, धुळीच्या वाऱ्याच्या महिन्यांत साथी येतात आणि पाऊस सुरू झाला की ओसरतात, त्यामागेही कोरडे पडलेले, धुळीने खरचटलेले अस्तर हे एक कारण मानले जाते. तेव्हा हा थंड देशांचा आजार आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्या पट्ट्याकडे पाहावे. १९९६-९७ मध्ये तिथे अडीच लाख रुग्ण आणि पंचवीस हजार मृत्यू झाले होते. तेथील ए गटासाठी मेनॅफ्रिव्हॅक नावाची स्वस्त लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोत ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर टोचली गेली आणि त्या गटाच्या साथी तिथून जवळपास नाहीशा झाल्या. आमच्या क्षेत्रातील माणसांना या कामाचा किती अभिमान वाटतो ते शब्दांत सांगता येणार नाही.

आपल्या देशातही हा आजार होतो. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये साथी आल्या, २००८-०९ मध्ये मेघालय आणि त्रिपुरात आली. या अलीकडच्या साथी ए गटाच्या होत्या. दिल्लीतील २००५ च्या साथीत दाट वस्तीतील तरुण मुलगे मोठ्या संख्येने होते. साथ नसताना रुग्ण विरळ दिसतात हे खरे, पण आपल्याकडे रुग्ण प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याने बहुधा आधीच प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या घेतलेल्या असतात आणि मग जंतू वाढवण्याच्या तबकडीवर काहीच वाढत नाही. अशा किती कोऱ्या तबकड्यांवर मी 'वाढ नाही' असे लिहून सही केली असेल. त्यातील प्रत्येक रुग्ण जंतुविरहित होता, असे मी म्हणू शकत नाही.

आणखी एक धोका माझ्या सहकाऱ्यांसाठी. जिवंत मेनिंगोकॉकस हाताळणारे प्रयोगशाळेतील कर्मचारी स्वतःच जोखमीच्या गटात येतात. तबकडी उघड्या टेबलावर न हाताळता सुरक्षा कपाटातच हाताळावी आणि लस घ्यावी.

इंद्रायणी

ताई, मी अकरा वर्षे इंग्लंडमध्ये परिचारिका आहे, म्हणून इथे आल्यावरचे लिहिते.

मुलाने पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच विद्यापीठाजवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवावे आणि 'मला पाणथरी नाही' हे वाक्य त्या नोंदणीच्या अर्जात स्वतः लिहावे. पुष्कळ मुले आजारी पडल्यावरच नोंदणी करतात. चार गटांची लस भारतात राहून गेलीच, तर पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत ती नव्या विद्यार्थ्यांना, परदेशी विद्यार्थ्यांनाही, इथे मोफत मिळू शकते. परंतु त्या लशीत बी गट नसतो आणि इथल्या रुग्णांत बी गटाचाच वाटा मोठा आहे. बी गटाची लस इथे २०१५ पासून तान्ह्या बाळांना देतात. सर्वसाधारण विद्यार्थ्यांना ती दिली जात नाही, पण पाणथरी नसलेल्यांना द्यावी अशी सूचना आहे. तेव्हा जीपीकडे ती आवर्जून मागावी. रोजच्या पेनिसिलिनच्या गोळ्यांविषयीही इथले डॉक्टर विचारतील. 'मला पाणथरी नाही' असे सांगणारे छोटे कार्ड पाकिटात कायम असू द्यावे, कारण बेशुद्ध माणूस सांगू शकत नाही.

दुसरे, लक्षणांविषयी. इथल्या भित्तिपत्रकांवर काचेच्या पेल्याची चाचणी दाखवलेली असते: पुरळावर स्वच्छ पेल्याची कड दाबायची आणि काचेतून पाहायचे, साधे पुरळ दाबाने फिकट होते, रक्तस्रावाचे ठिपके फिकट होत नाहीत. आपल्या सावळ्या त्वचेवर हे ठिपके पटकन दिसत नाहीत. म्हणून तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातील टाळू पाहावे. पण मी कळकळीने सांगते, पुरळाची वाट पाहू नका, काहींना ते शेवटपर्यंत येत नाही. अंगात भरपूर ताप असूनही हातपाय गार पडणे, पायांच्या पोटऱ्यांत असह्य दुखणे, त्वचेचा रंग राखट दिसणे ही लक्षणे मान आखडण्याच्या कितीतरी आधी दिसू शकतात. एकदा एका विद्यार्थ्याला त्याच्या खोलीतल्या मित्राने पहाटे तीन वाजता आणले. 'तो थंडीने कुडकुडतोय आणि मोजे घालतानाही रडतोय', एवढेच त्या मित्राला सांगता येत होते. नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात सर्दी-खोकला होतोच, त्यामुळे दार लावून झोपलेल्या मुलाकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो मित्र दार वाजवत राहिला म्हणून तो मुलगा वाचला. तुमच्या मुलाने खोलीशेजारच्या दोघांना तरी आपली गोष्ट सांगून ठेवावी.

इथल्या कुमारवयीन मुलांच्या एका अभ्यासात अनेकांशी ओठांनी घेतलेली चुंबने हे जोखमीचे एक ठळक कारण म्हणून पुढे आले होते. हे आईने मुलाशी बोलणे अवघड असते, पण मोठ्या भावाने किंवा डॉक्टरांनी बोलावे. एकच सिगारेट, एकच हुक्क्याची नळी सगळ्यांनी ओढणे टाळावे, हे मात्र तुम्हीच सांगू शकता.

मोसमकाठ

मी मालेगावचा. माझे वडील हजला गेले तेव्हा शिबिरात त्यांना ही लस टोचून प्रमाणपत्र दिले गेले होते. त्या वेळी आम्हालाही ती केवळ व्हिसाची अट वाटली होती, म्हणून त्यामागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९८७ च्या हजमध्ये ए गटाची साथ आली. २००० आणि २००१ मध्ये डब्ल्यू गटाची आली आणि परतलेल्या यात्रेकरूंबरोबर ती कितीतरी देशांत त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचली. २००१ मध्ये सिंगापुरात परतलेल्या यात्रेकरूंचे घसे तपासले तेव्हा साधारण सहा-सातांत एकाच्या घशात डब्ल्यू गटाचा जंतू सापडला होता. त्यानंतर सौदी अरेबियाने चारही गटांची लस सक्तीची केली. ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. उमराहला (हजच्या ठरलेल्या दिवसांखेरीजही करता येणाऱ्या मक्केच्या यात्रेला) वर्षभर माणसे जातात आणि तिथे अनेकदा या बाबतीत ढिलाई होते. २०२४ मध्ये उमराहहून अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये परतलेल्यांत आणि त्यांच्या निकटवर्तीयांत या आजाराचे रुग्ण आढळले, त्यांतील बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता विचारतो की घरात पाणथरी काढलेले, सिकलसेलचे किंवा तान्हे मूल कोणी आहे का, कारण यात्रेकरू स्वतः ठणठणीत राहूनही घशातून जंतू घरी आणू शकतो.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने वेळ दिलात, मी मनापासून आभारी आहे. दोन धोके वेगळे करून सांगितल्यामुळे माझ्या मनातला गुंता सुटला. आज सकाळी फिजिशियनांची वेळ घेतली, न्यूमोकॉकलची लस शनिवारी द्यायचे ठरले आहे. मुलालाही हे सगळे वाचायला दिले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की गेल्या पावसाळ्यात त्याला ताप आला होता, तेव्हा तो दोन दिवस खोलीवर एकटाच पडून होता आणि आम्हाला त्याने कळवलेच नव्हते.

शेवटचे दोन प्रश्न. त्याची धाकटी बहीण नाशिकलाच महाविद्यालयात आहे, तिलाही लस द्यावी का? आणि उद्या तिथे त्याच्या वसतिगृहात कोणाला हा आजार झालाच, तर त्याने काय करावे?

पिंपळपान

बहिणीची प्रकृती उत्तम असेल, ती घरीच राहत असेल आणि आसपास साथ नसेल, तर तिला आज या लशीची निकड नाही. ती परदेशी वसतिगृहात जाणार असेल तेव्हा द्या.

वसतिगृहात रुग्ण आढळला तर तिथला सार्वजनिक आरोग्य विभाग निकटच्या सहवासातील माणसांची यादी करून त्यांना प्रतिबंधक प्रतिजैविक देतो, बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिनची एकच मात्रा. रुग्णाच्या घरातील माणसांना सर्वसाधारण लोकांपेक्षा पाचशे ते आठशे पट जास्त धोका असतो, म्हणून हे औषध शक्यतो चोवीस तासांच्या आत घ्यायचे असते. दोन आठवडे उलटल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. आपल्याकडे दिल्लीच्या साथीतील जंतू या औषधाला कमी दाद देताना आढळले होते, त्यामुळे भारतात असे झाल्यास औषधाची निवड डॉक्टरांवर सोडा, जुन्या चिठ्ठीवरून दुकानातून गोळी आणू नका. तुमच्या मुलाचे नाव यादीत नसले तरी त्याने स्वतः फोन करून पाणथरी नसल्याचे सांगावे आणि लस झाली आहे म्हणून ते औषध नाकारू नये.

शनिवारी जाताना डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत बरोबर न्या. शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल मिळत असेल तर त्या रुग्णालयातून तोही मागून घ्या, कारण पाणथरी पूर्ण काढली की तिचा काही भाग ठेवला, हे त्या एका शब्दावरून कळत नाही.